आडनावाआड

मावशीच्या केस-पेपरवर वरच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी इंग्रजीत दोन-तीन शब्द खरडले होते. मावशी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पोरांची कोंबडीच्या पायांसारखी अक्षरं लावण्यात तिची हयात गेली. चष्मा पुसून तिनं तोही कागद लावला आणि मला म्हणाली, "इथं दोन मोठे डॉक्टर दिसतात रे. कागदावर कोच लिहिलंय, आणि राउंडला आलेली पोरं कॉक्स कॉक्स करत होती. यातले आपले कोणते?"

मी हसलो. दुसरं काही बोलायचं धैर्य नव्हतं म्हणून हसलो. कोच आणि कॉक्स एकच होते आणि ते राउंडला येणार नव्हते. रॉबर्ट कॉख हे जर्मन शास्त्रज्ञ १९१० सालीच वारले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, आणि आज आपल्याकडचे डॉक्टर क्षयाला आपसात 'कॉक्स' म्हणतात. पूर्वी होऊन गेलेला क्षय म्हणजे 'ओल्ड कॉक्स'. औषधं म्हणजे 'एकेटी', अर्थात अँटी-कॉक्स ट्रीटमेंट. पेशंटच्या उशाशी उभं राहून, पेशंटबद्दल, पेशंटला कळू न देता बोलता येतं, ही या शब्दाची मोठी सोय. मावशीला टीबी होता. हे तिच्या मुलाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, वॉर्डातल्या आयाबाईंना ठाऊक होतं. मावशीला फक्त आडनाव ठाऊक होतं.

आपल्या भाषेत 'आड' हा मोठा कामाचा शब्द आहे. आडवाट, आडपडदा, आडकाठी, दाराआड, डोंगराआड. 'आडनाव' या शब्दाची व्युत्पत्ती पंडितांनी काहीही सांगो, शास्त्रातल्या आडनावाच्या आड मात्र खरोखरच बरंच काही दडतं. माणसं दडतात, अज्ञान दडतं, लाज दडते, कधी गुन्हाही दडतो. रोगांना, नियमांना, चाचण्यांना माणसांची आडनावं द्यावीत की नाहीत, यावर वैद्यकात जुना वाद आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २००७ साली दोन्ही बाजू समोरासमोर छापल्या होत्या. तो वाद बहुधा आडनाव कोणाच्या सन्मानाचं आहे, या प्रश्नाभोवती फिरतो. मला वाटतं, प्रश्नच चुकलाय. आडनावाआड कोण लपतंय आणि कोणापासून, हे आधी विचारलं पाहिजे.

माणसं कशी दडतात ते पाहण्यासाठी पार्किन्सन हे आडनाव घेऊ. जेम्स पार्किन्सन हे लंडनमधल्या हॉक्सटनचे डॉक्टर. १८१७ साली त्यांनी थरथरणाऱ्या लुळेपणावर एक निबंध लिहिला. त्यात सहा रुग्ण होते आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यानं जाता-येता नुसते पाहिलेले. हृदयाच्या ठोक्यांचा एक जन्मजात दोष आहे, वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट. त्याचं वर्णन १९३० साली झालं आणि त्यातले पार्किन्सन म्हणजे जॉन, लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ. तिसरे सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन. हे वैद्य नव्हेत, इतिहासकार. सिंगापुरात प्राध्यापक असताना त्यांनी १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं की काम हे त्यासाठी मिळालेल्या वेळेइतकं फुगत जातं. सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या माणसाला हा नियम शिकवावा लागत नाही. चौथे पार्किन्सन या सगळ्यांच्या आधीचे: सतराव्या शतकातले लंडनचे औषधी वनस्पतींचे जाणकार जॉन पार्किन्सन. १६२९ साली आलेल्या आपल्या ग्रंथाच्या लॅटिन नावात त्यांनी स्वतःच्या आडनावावरच कोटी केली, 'पार्क इन सन' म्हणजे उन्हातली बाग. अमेरिकेतून आपल्याकडे आलेलं, हिरव्या खोडाचं, पिवळ्या फुलांचं एक काटेरी झाड कोरड्या मुलखात कुंपणाला लावलेलं दिसतं. त्याचं शास्त्रीय नाव पार्किन्सोनिया, ते या बागवाल्या पार्किन्सनवरून. तेव्हा मेंदू, हृदय, कचेरी आणि कुंपण या चौघांची पाटी एकच.

पुस्तकांच्या दुकानात जाऊन नुसतं "देशपांड्यांचं पुस्तक द्या" म्हणून पाहा. विक्रेता विचारील, कोणाचं? पु. लं.चं, सुनीताबाईंचं, की कुसुमावतींचं? आडनाव एकटं पुरत नाही हे मराठी माणसाला शाळेच्या हजेरीपटापासून कळतं. वर्गात चार कुलकर्णी असले की बाई आपोआप नावानं हाक मारतात. आपलं अख्खं साहित्य आद्याक्षरांवर उभं आहे: वि. स., वि. वा., वि. दा. एका 'वि'वर भागत नाही, म्हणून दुसरं अक्षर. शास्त्रानं एवढी काळजी घेतली नाही. कॉख म्हटल्यावर डॉक्टरला क्षय आठवतो आणि गणिताच्या विद्यार्थ्याला हिमकणासारखी एक वक्ररेषा, जिची लांबी अनंत पण पोटातलं क्षेत्रफळ मात्र मोजकं. ती १९०४ साली मांडणारे हेल्गे फॉन कॉख हे स्वीडनचे.

कोणी म्हणेल, यात बिघडलं काय? हृदयाचा डॉक्टर कुंपणाच्या झाडाशी गल्लत करत नाही. खरं आहे. क्षेत्रं लांबलांबची असली की गोंधळ गमतीपुरताच राहतो. पण एकाच क्षेत्रात आडनाव पुन्हा आलं की ती गंमत राहत नाही. कपाळावर ट्यूनिंग फोर्क टेकवून कोणत्या कानानं ऐकू येतं ते तपासतात, ती वेबर चाचणी. त्यातले वेबर हे लाइपझिगचे अर्न्स्ट हाइनरिख. चुंबकीय प्रवाहाचं एकक वेबर, ते त्यांचे धाकटे भाऊ विल्हेल्म यांच्या नावाचं. मध्यमेंदूत रक्तपुरवठा तुटल्यावर एका बाजूचा डोळा आणि दुसऱ्या बाजूचे हातपाय जातात, तो वेबर सिंड्रोम. तो हर्मन वेबर यांचा आणि हे वेबर लंडनला स्थायिक झालेले. चेहऱ्यावर जन्मतः लाल डाग असतो, त्या स्टर्ज-वेबरमधले वेबर म्हणजे या हर्मनरावांचे चिरंजीव. यातले तीन वेबर एकाच विद्यार्थ्याला एकाच परीक्षेत भेटतात. तो त्यांना पाठ करतो, परीक्षा देतो आणि विसरतो. हे दोन भाऊ होते, ते बापलेक होते, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर कदाचित विसरलाही नसता.

म्हणजे आडनाव नातं सांगतं म्हणावं, तर तेही नेहमी नाही. हॉजकिन घ्या. लसिका ग्रंथींच्या ज्या कर्करोगाला हॉजकिनचं नाव आहे, त्याचं वर्णन लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली केलं. मज्जातंतूतून विजेचा संदेश कसा धावतो, त्याचं गणित ॲलन हॉजकिन यांनी हक्स्ली यांच्यासोबत १९५२ साली मांडलं आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. लगेच पुढच्या वर्षी, १९६४ साली, आणखी एका हॉजकिनला नोबेल: डोरोथी. पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची अंतर्रचना त्यांनी क्ष-किरणांनी उलगडली. डोरोथीबाई जन्मानं क्रोफूट. हॉजकिन हे सासरचं आडनाव, नवरा ॲलनचा चुलत भाऊबंद. १९३७ साली लग्न झाल्यावरही १९४९ पर्यंत त्या शोधनिबंध क्रोफूट याच नावानं लिहीत होत्या. म्हणजे पेनिसिलिनची रचना उलगडली क्रोफूटनं आणि कीर्ती गेली हॉजकिनकडे. लग्नानंतर बँक, पासबुक, आधार आणि पदवीचं सर्टिफिकेट यांच्यातला मेळ घालत फिरलेल्या कोणत्याही बाईला यातलं काही समजावून द्यावं लागणार नाही.

आता उलट बाजू पाहा. रामन परिणाम आणि चंद्रशेखर मर्यादा या दोन संज्ञांत काही नातं दिसतं का? चंद्रशेखर हे रामन यांचे सख्खे पुतणे. एका घरातली दोन नोबेलं, १९३० आणि १९८३ सालची. पण तमिळ रीतीत आडनावच नसल्यामुळे शास्त्राच्या पुस्तकात काका-पुतणे परके झाले आणि एकमेकांशी नातं नसलेले वेबर भाऊबंद वाटले.

मग हा सगळा पसारा फेकूनच का देऊ नये? रोग काय आहे ते सांगणारं नाव द्यावं, म्हणजे झालं. हा युक्तिवाद ऐकायला सरळ आहे. पण मला तो पटत नाही, आणि याचं कारण मराठीतच आहे. पार्किन्सन्सला आपण 'कंपवात' म्हणतो. नाव अर्थपूर्ण, सुटसुटीत. पण हा आजार असलेल्या कित्येकांचा हात थरथरतच नाही. पाय उचलत नाहीत, अक्षर बारीक होत जातं, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. घरचे म्हणतात, "कंप तर नाहीच, मग कंपवात कसला?" आणि डॉक्टरकडे जायला वर्ष-दोन वर्षं उशीर होतो. स्वतः पार्किन्सन यांनी दिलेलं नावही असंच फसलेलं होतं. १८७० च्या सुमारास पॅरिसचे शार्को म्हणाले, हे रुग्ण लुळे नसतात आणि सगळेच थरथरतही नाहीत. तेव्हा हे वर्णन सोडा आणि वर्णन करणाऱ्याचं नाव द्या. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थ खराब हवा. डास सापडल्यावर हवा निर्दोष सुटली, पण शब्द काही बदलला नाही.

वर्णन करणारं नाव त्या-त्या काळच्या समजुतीवर बेतलेलं असतं. समजूत बदलली की नाव खोटं पडतं. आडनाव खोटं पडत नाही, कारण ते काही सांगतच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथं उलटी उपयोगी पडते: आड रिकामा आहे म्हणूनच त्यात नवं पाणी साठवता येतं. दोनशे वर्षांत पार्किन्सन्सबद्दलची माहिती कुठल्या कुठे गेली, तरी नावाला धक्का नाही. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. माणसांना त्यांनी इतकी सुंदर मराठी नावं दिली, पण मंडळाच्या पाटीवर पार्किन्सन ठेवला. मला हा शहाणपणाचा निवाडा वाटतो.

पण रिकाम्या आडात कोणी काय टाकून ठेवलंय तेही पाहावं लागतं. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंड सरकतात असं मांडलं, आयुष्यभर टीका सोसली आणि १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात जीव गमावला. मांडणीनंतर पन्नासएक वर्षांनी जग त्यांच्या बाजूला आलं. दुसरे वेगेनर फ्रीडरिख. रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या एका गंभीर आजाराचं वर्णन त्यांनी १९३० च्या दशकात केलं आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. पुढे उघड झालं की हे वेगेनर नाझी पक्षाचे होते आणि युद्धकाळात पोलंडमधल्या वूच शहरात, ज्यूंच्या घेट्टोच्या शेजारी, सरकारी आरोग्य खात्यात काम करत होते. २०११ साली वैद्यकीय संघटनांनी त्यांचं नाव काढून त्या जागी 'ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस' असं नाव ठेवलं. ते कोणाला म्हणता येईना, म्हणून त्याचं जीपीए झालं, आणि कितीतरी वर्षं पुढे कंसात 'पूर्वीचा वेगेनर' लिहावं लागलं. गुन्हेगार गेला, पण कंसातून डोकावत राहिला.

तरीही नाव काढलं हे योग्यच झालं. माझी अडचण वेगळी आहे. ज्याच्या नावाचा सन्मान करायचा तो माणूस स्वच्छ हवा, हीच कसोटी लावली तर पुढची दोन उदाहरणं कुठेच बसत नाहीत.

पहिलं डाउन. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली मतिमंद मुलांची वंशांनुसार वर्गवारी केली आणि या मुलांना 'मंगोल' प्रकारात टाकलं. तो शब्द शंभर वर्षं शिवीसारखा चालला. १९५९ साली एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत हे कारण सापडलं. १९६१ साली काही अनुवंशशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून शब्द बदलायला सांगितलं आणि १९६५ साली मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या मागणीवरून जागतिक आरोग्य संघटनेनं तो सोडला. त्या जागी आलं काय? डाउन. ज्यानं ती शिवी घडवली त्याचंच आडनाव शिवी पुसायला आलं! आणि मराठी घरात ते ऐकलं की पहिला अर्थ लागतो तो 'खाली'. हे एका डॉक्टरचं आडनाव आहे, मुलाच्या किमतीशी त्याचा संबंध नाही, हे कित्येक आईबापांना कोणी सांगितलेलंच नसतं.

दुसरं हॅन्सन. नॉर्वेतल्या बर्गनचे गेरहार्ड आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. हा रोग संसर्गाचा आहे हे सिद्ध करण्याच्या नादात १८७९ साली त्यांनी एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. खटला झाला आणि रुग्णालयातली नोकरी गेली. असा हा माणूस. पण कुष्ठरोगाऐवजी 'हॅन्सनचा आजार' म्हणा, ही चळवळ चालवली कोणी? खुद्द रुग्णांनी. अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथं बंद करून ठेवलेल्या रुग्णांनी 'द स्टार' नावाचं मासिक काढलं आणि त्यातून या नावासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं. ब्राझीलनं १९९५ साली सरकारी कागदांत हेच नाव वापरण्याचा कायदा केला. त्या रुग्णांना हॅन्सन यांचा सन्मान करायचा नव्हता. बायबलपासून पाठीला लागलेल्या एका शब्दापासून त्यांना सुटायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना एक रिकामं आडनाव हवं होतं.

याच्या उलट वाटही आहे आणि ती आपल्या दाराशी आहे. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला संस्था काढली तिचं नाव महारोगी सेवा समिती. सर्वांत जिव्हारी लागणारा शब्दच पाटीवर. पुढे आनंदवनात जे काम उभं राहिलं त्यानं त्या शब्दाचं विष उतरवलं. म्हणजे लाज घालवायला नाव बदलावंच लागतं असंही नाही. पण प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला आनंदवन येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला शेजारी येतात.

गावाचं नाव द्यावं का? १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक अतिदुर्मीळ रक्तगट शोधला, नेहमीच्या तपासणीत 'ओ' वाटणारा पण 'ओ' रक्तही न चालणारा. तो भेंडे गट झाला नाही, बॉम्बे गट झाला. १९९५ मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं, रक्ताचं नाही. साथीच्या रोगाला मात्र गावाचं नाव चिकटलं की गावकऱ्यांना वाळीत पडावं लागतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली नव्या रोगांना जागांची आणि माणसांचीही नावं देऊ नका असं सुचवलं. नव्यासाठी हे बरोबरच आहे. जुन्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

माझं उत्तर एवढंच आहे: रोगाचं आडनाव ज्यानं तो शोधला त्याच्या मालकीचं नसतं, जो ते लावून जगतो त्याच्या मालकीचं असतं. आपल्या घराण्याच्या आडनावाचंही तसंच नाही का? कोणत्या खापरपणजोबानं ते घेतलं आणि तो कसा माणूस होता, हे कोणाला ठाऊक असतं? आज त्या नावानं पत्रं येतात, हजेरी लागते, सोयरीक जमते, म्हणून ते आपलं. तेव्हा नाव ठेवायचं की काढायचं याचा निकाल रुग्णाच्या अंगानं लागला पाहिजे. हॅन्सन या नावाआड रुग्णच जगापासून लपतो, स्वतःच्या मर्जीनं. ते नाव राहू द्या. वेगेनर या नावाआड एक इतिहास रुग्णांपासून लपला होता. त्यांच्या अंगावरून ते उतरवलं हे बरं झालं. पार्किन्सन या नावाआड नुसतं अज्ञान आहे आणि ते प्रामाणिक आहे, राहू द्या. फक्त वर्गात शिकवताना जेम्स की जॉन ते सांगा, जसं आपण पु. ल. सांगतो.

आणि कॉक्स? क्षयाच्या पेशंटला शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून आडोसा हवा असतो, हे मी नाकारत नाही. लग्नं ठरायची असतात, भाड्याची खोली टिकवायची असते. कागदावर कॉक्स लिहिल्यानं तेवढं साधत असेल तर साधू द्या. पण पडदा पेशंट आणि जग यांच्यामध्ये हवा. तो पेशंट आणि तिच्या आजाराच्या मध्येच लावला गेला, तर तो आडोसा राहत नाही, फसवणूक होते. २०१२ पासून आपल्याकडे क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारदरबारी कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे मावशीच्या आजाराची बातमी सरकारला पोचली होती. मावशीला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिनं गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर लावलं आणि तिला सगळं कळलं. शिक्षिकाच ती. रडली नाही, ओरडली नाही. तिनं विचारलं ते एवढंच, "चार वर्षांचं पोर रोज माझ्या कुशीत झोपत होतं. मला सांगितलं असतं तर मी त्याला जवळ घेतलं असतं का रे?" नातवाची तपासणी केली, काही निघालं नाही, तरी त्याला सहा महिने प्रतिबंधाची गोळी द्यावी लागली. मावशीचा कोर्सही सहा महिन्यांत संपला आणि ती खडखडीत बरी झाली. तिनं आम्हा सगळ्यांना माफ केलं, असं ती म्हणते.

मात्र शेवटच्या तपासणीला तिनं कागद स्वतःच्या हातात ठेवला. तरुण डॉक्टर सवयीनं सोबत्याला म्हणाला, "ओल्ड कॉक्स आहे." मावशीनं त्याला वर्गातल्या पोराला थांबवावं तसं हातानं थांबवलं आणि म्हणाली, "माझं आडनाव वेगळं आहे. आणि मला टीबी झाला होता."